झोपेत लघवी गळणाऱ्या मादी कुत्र्यासाठी हार्मोनची गोळी: खर्च किती, कशावर आणि कधी कमी करता येतो

गादीवरून उठलेल्या मादीच्या मागे बशीएवढा ओला डाग राहतो. ती स्वतःच त्याच्याकडे वळून बघते, हुंगते आणि मग शेपटीखालचं चाटत बसते. घरात पहिलं मत पडतं, "आता म्हातारी झाली." दुसरं, "हल्ली मुद्दाम करते." तिसरं मत कामवाल्या मावशींचं असतं आणि ते इथे न लिहिलेलं बरं. पण मादी मध्यमवयीन असेल, तिचं पिशवी काढायचं ऑपरेशन झालेलं असेल, बाहेर नेल्यावर ती नेहमीसारखी बसून लघवी करत असेल आणि फक्त झोपेत किंवा पडल्या पडल्या गळत असेल, तर दुखणं ओळखीचं आहे. त्यावर हार्मोनची गोळी हा अनेक वर्षं वापरात असलेला उपाय आहे आणि बहुतेक घरांच्या खिशाला तो झेपतो.

झेपतो म्हणजे नेमका किती रुपयांत, हे पाकिटावरच्या किमतीवरून कळत नाही. मात्रा शेवटी कुठे येऊन थांबते, त्यावर सगळा हिशेब फिरतो. एकाच गोळीवर एका घराला वर्षाला ९१ गोळ्या पुरतात आणि दुसऱ्या घरात ७३० लागतात. दुसऱ्या घरातली मादी जास्त आजारी असेलच असं नाही. पुष्कळदा तिथे मात्रा कमी करून बघायची कुणाला आठवणच राहिलेली नसते.

बिघडतं काय

मूत्रमार्गाभोवतीच्या स्नायूंची पकड लघवी अडवून धरते. नळातला वॉशर झिजला की तोटी बंद असूनही थेंब पडत राहतात, तसंच इथे होतं. हे स्नायू आवळलेले राहावेत म्हणून मज्जातंतूंकडून येणारा इशारा त्यांना पोचावा लागतो आणि तो टिपण्याची त्यांची ताकद इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे टिकून राहते. ऑपरेशनमध्ये अंडाशय काढले की शरीरातलं इस्ट्रोजेन घटतं. पकड लगेच सुटत नाही. गळती सुरू होते ती बहुधा दोन-तीन वर्षांनी, कधी त्याहून बरीच उशिरा. त्यामुळे ऑपरेशन आणि ओली गादी यांचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये ऑपरेशन झालेल्या चारशेहून अधिक माद्यांचा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या साधारण २० टक्के माद्यांना गळतीचा त्रास होता. वीस किलोपेक्षा हलक्या माद्यांत हे प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास होतं आणि जड माद्यांत ३१ टक्क्यांच्या. डॉबरमन आणि डाल्मेशियन या जाती ब्रिटनमधल्या नोंदींतही धोक्याच्या यादीत वर दिसतात.

हे वाचून ऑपरेशन टाळायचा विचार मनात येत असेल, तर दुसरी बाजूही बघा. स्वीडनमध्ये धडधाकट मादीचं सरसकट ऑपरेशन करायची पद्धत नव्हती. तिथल्या विम्याच्या नोंदींत दहा वर्षांच्या वयापर्यंत जवळपास चौथ्या हिश्शाच्या माद्यांना गर्भाशयात पू होण्याचा आजार झालेला आढळला. तो जिवावर बेततो आणि त्याचं तातडीचं ऑपरेशन गळतीच्या कित्येक वर्षांच्या गोळ्यांपेक्षा महाग पडतं.

गोळीच्या आधीचे पैसे

पहिल्या वर्षी गोळ्यांपेक्षा तपासण्यांवर जास्त पैसे जातात. ते वाचवावेसे वाटणं साहजिक आहे, पण सगळेच वाचवू नका. काही वाचवता येतात, त्यांची सुरुवात घरातच होते.

आधी पाणी मोजा. सकाळी मापाच्या भांड्याने वाडग्यात पाणी ओता, दिवसभरात घातलेलं प्रत्येक भांडं लिहून ठेवा आणि दुसऱ्या सकाळी उरलेलं वजा करा. तीन दिवस असं करून सरासरी काढा. घरात दुसरा कुत्रा असेल तर तेवढे दिवस वाडगे वेगळे ठेवा आणि बाथरूमची बादली झाका. किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी जात असेल, म्हणजे वीस किलोची मादी दिवसाला दोन लिटरच्या वर पीत असेल, तर प्रश्न पकडीचा नसून जास्त लघवी तयार होण्याचा असू शकतो. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, कुशिंगचा आजार हे त्या वाटेवरचे नेहमीचे संशयित. अशा मादीला हार्मोनची गोळी दिली तर पैसे वाया जातातच, शिवाय खरा आजार मागे राहून वाढत जातो.

चालू औषधंही तपासा. पावसाळ्यात खाज सुटली म्हणून प्रेडनिसोलोन सुरू झालेलं असतं आणि त्याच महिन्यात "ही घरात मुतायला लागली" अशी तक्रार येते. स्टिरॉइडने तहान आणि लघवी दोन्ही वाढतात. हृदयासाठी दिलेल्या फ्रुसेमाइडनेही तेच होतं. अशा वेळी डॉक्टरांना नुसता फोन केला तरी हजार-दोन हजारांच्या तपासण्या टळू शकतात. मात्र स्टिरॉइड आपल्या मनाने एकदम बंद करू नका.

यानंतर दवाखाना. पुण्या-मुंबईच्या खासगी दवाखान्यांत तपासणी फी साधारण ३०० ते ८०० रुपये, लघवीची साधी तपासणी १५० ते ४००, लघवीचं कल्चर ७०० ते १,५००, रक्ताच्या मूलभूत चाचण्या १,००० ते २,५०० आणि पोटाची सोनोग्राफी १,२०० ते २,५०० असा अंदाज धरून चाला. शहर, वस्ती आणि लॅब बदलली की आकडे बदलतात, म्हणून प्रत्येक चाचणीचा दर आधी विचारा. विचारण्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. जनावरांच्या दवाखान्यातल्या उपचारसेवेवर जीएसटी लागत नाही, तेव्हा तपासणी फीवर तो लावलेला दिसला तर विचारणा करा. ग्रूमिंग किंवा दुकानातून घेतलेल्या वस्तू वेगळ्या, त्यांच्यावर कर असतो.

यांतलं काय सोडता येईल? लघवीची साधी तपासणी अजिबात सोडू नका. सगळ्यांत कमी पैशांत सगळ्यांत जास्त माहिती तिच्यातूनच मिळते. सकाळच्या पहिल्या लघवीचं विशिष्ट गुरुत्व १.०३० किंवा त्याहून जास्त आलं, साखर नसली आणि पू-पेशी नसल्या, तर निम्मे संशयित तिथेच गळतात. नमुना घरी घेता येतो. लांब दांड्याचा स्टीलचा डाव गरम पाण्याने धुऊन कोरडा करा, मादी बसली की एक-दोन क्षण थांबून मागून हळूच खाली सरकवा आणि बाटलीत ओता. सुरुवातीला ती दचकून उठेल. डाव पाठीमागे लपवून सहज चालत राहिलात तर पुढच्या खांबापाशी जमून जातं. बाटली दोनेक तासांत लॅबमध्ये पोचवा, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. डाव पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका, एवढं सांगायला हवं का?

कल्चरसाठी मात्र हा नमुना चालत नाही. त्यासाठी डॉक्टर पोटातून सुईने लघवी काढतात. साध्या तपासणीत संसर्गाची शंका आली किंवा गळतीबरोबर जळजळ, थेंबथेंब लघवी, रक्त असं काही दिसलं तर कल्चरचे पैसे टाळू नका. अंदाजाने दिलेली अँटिबायोटिकची दोन पाकिटं त्याहून महाग पडतात. सोनोग्राफी पहिल्याच दिवशी लागते असं नाही. खडा, गाठ किंवा मूत्रवाहिनीचा दोष यांची शंका असेल तर ती हवीच. एरवी "गोळीचा गुण बघून मग करू का?" असं डॉक्टरांना मोकळेपणाने विचारता येतं.

ऑपरेशन न झालेली किंवा काही महिन्यांची पिल्लू मादी सारखी गळत असेल तर प्रकरण निराळं आहे. पिल्लात मूत्रवाहिनी जन्मतःच चुकीच्या जागी उघडण्याचा दोष असू शकतो, तो गोळीने सुधारत नाही. तिथे तपासणीवरच खर्च करा.

गोळ्यांचं गणित

या दुखण्यासाठी हार्मोनच्या औषधांत पहिली पसंती असते ती एस्ट्रिऑलला. हे कमी ताकदीचं आणि शरीरात थोडाच वेळ टिकणारं इस्ट्रोजेन आहे. कुत्र्यांसाठीची एस्ट्रिऑलची गोळी 'इन्क्युरिन' या नावाने युरोपात २००० साली मान्य झाली, अमेरिकेत २०११ साली. आपल्याकडचे डॉक्टर बहुधा माणसांसाठी मिळणारी एस्ट्रिऑलचीच गोळी लिहून देतात. नेदरलँड्समध्ये १२९ माद्यांवर झालेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात ६१ टक्के माद्यांची गळती पूर्ण थांबली, २२ टक्क्यांची कमी झाली आणि उरलेल्यांना गुण आला नाही. साधारण सहांतल्या एकीला उपयोग होत नाही, हे पैसे मोजण्यापूर्वी ठाऊक असलेलं बरं.

या गोळीची मात्रा वजनावर ठरत नाही, हे खर्चाच्या दृष्टीने फार महत्त्वाचं. सहा किलोची स्पिट्झ आणि चाळीस किलोची रॉटवायलर एकाच मात्रेने सुरुवात करतात आणि प्रत्येकीला पुरणारी कमीत कमी मात्रा करून बघूनच सापडते. अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त पद्धतीत रोज २ मिलिग्रॅमने सुरुवात होते. किमान १४ दिवस तेवढंच द्यायचं, गळती थांबली की रोज १ मिलिग्रॅम, मग अर्धा, आणि प्रत्येक पायरीवर किमान आठवडाभर थांबायचं. अर्ध्यावरही कोरडी राहिली तर दिवसाआड. युरोपात रोज १ मिलिग्रॅमने सुरुवात करून गरजेप्रमाणे वरखाली जातात. तुमचे डॉक्टर कोणत्या वाटेने जातात ते विचारून घ्या. मात्रा कमी-जास्त करायची ती त्यांच्याच सांगण्यावरून.

आता १ मिलिग्रॅमच्या गोळ्या मोजू. पहिले १४ दिवस रोज दोन म्हणजे २८. पुढचा आठवडा रोज एक, म्हणजे ७. त्यापुढचा आठवडा रोज अर्धी, म्हणजे साडेतीन. चार आठवड्यांत साडेअडतीस गोळ्या झाल्या. उरलेलं वर्ष दिवसाआड अर्धी दिली तर आणखी सुमारे ८४. पहिल्या वर्षी एकूण १२३ च्या आसपास आणि दुसऱ्या वर्षापासून ९१. रोज अर्धीवर थांबावं लागलं तर वर्षाला १८३, रोज एकवर ३६५, आणि सुरुवातीच्या दोनवरच अडकून राहिलात तर ७३०.

हिशेबापुरती एक गोळी २० रुपयांची धरू. तुमचा आकडा पट्टीवरच्या एमआरपीला गोळ्यांच्या संख्येने भागून काढा. २० रुपयांनी ९१ गोळ्यांचे १,८२० रुपये होतात, ७३० गोळ्यांचे १४,६००. औषध तेच, दुकान तेच. मधला फरक म्हणजे पायरी उतरायची की नाही एवढाच प्रश्न.

पायरी उतरायला नोंद लागते. कालनिर्णयच्या चौकोनात रोज सकाळी गादी कोरडी असेल तर बरोबरची खूण आणि ओली असेल तर फुली, एवढी पुरते. डाग किती मोठा होता ते जमल्यास लिहा: रुपयाएवढा, बशीएवढा, ताटाएवढा. "तसं बरं वाटतंय" या वाक्यावर डॉक्टर मात्रा घटवायला कचरतात. सलग दहा बरोबरच्या खुणा दाखवल्यात तर लगेच घटवतात. मात्रा कमी केल्यावर एखादी फुली आली म्हणून लगेच वर चढायची घाई नको, पण लागोपाठ येऊ लागल्या तर आधीच्या पायरीवर परत जावं लागतं.

नमुन्यादाखल पहिल्या वर्षाचा हिशेब मांडतो. दवाखान्याच्या चार खेपा ५०० प्रमाणे २,०००, लघवी ३००, कल्चर १,०००, रक्त १,५००, सोनोग्राफी १,५००, गोळ्या २,४६०. बेरीज ८,७६०. दुसऱ्या वर्षी दोन खेपांचे १,०००, लघवी दोनदा ६००, रक्त एकदा १,५०० आणि गोळ्यांचे १,८२० मिळून ४,९२०, म्हणजे महिन्याला ४१०.

मेडिकलच्या काउंटरवर

इस्ट्रोजेन चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि मिळू नये. चिठ्ठी नीट लिहिलेली नसेल तर दुकानदार गोंधळतो. एस्ट्रिऑलचं योनीमार्गात लावायचं मलमही बाजारात आहे, म्हणून नुसतं औषधाचं नाव वाचून हातात नळी ठेवली जाते. कधी "हे बायकांचं औषध आहे, पेशंट कोण?" असा प्रश्न येतो आणि "लॅब्रॅडॉर" म्हटल्यावर रांगेतली माणसं वळून बघतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांनुसार जनावरासाठीच्या चिठ्ठीवर मालकाचं नाव-पत्ता असावा लागतो, तसंच औषधाची एकूण संख्या आणि मात्राही. डॉक्टरांकडून या गोष्टी लिहूनच घ्या: औषधाचं मूळ नाव, "गोळी" हा शब्द, किती मिलिग्रॅम, किती गोळ्या, कुत्र्यासाठी आणि तुमचं नाव. पशुवैद्यकाचा नोंदणी क्रमांक छापील चिठ्ठीवर बहुधा असतोच.

पहिल्या खेपेला चौदा दिवसांपुरतंच घ्या. गुण येतो की नाही ते तेवढ्यात कळतं आणि फोडलेली पट्टी दुकानदार परत घेत नाही. मात्रा स्थिरावली की तीन महिन्यांचं एकदम घ्यायला हरकत नाही, फक्त मुदत बघा. दिवसाआड अर्धी दिली तर तीस गोळ्या जवळपास चार महिने पुरतात. १ आणि २ मिलिग्रॅम दोन्ही मिळत असतील तर मिलिग्रॅममागचा दर काढून बघा. मोठी गोळी अर्धी करणं कधीकधी स्वस्त पडतं, पण गोळीवर मधोमध खाच असेल तरच. चुरा झालेल्या गोळीत मात्रेचा भरवसा राहत नाही.

लहान गावांत ही गोळी दुकानात पडून नसते, मागवावी लागते. आठवडाभर आधी सांगून ठेवा. पुण्यात सदाशिव पेठेतल्या किंवा मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या औषधबाजारात माणूस जाणार असेल तर त्याच्या हाती चिठ्ठी द्या. अमेरिकेतला मुलगा येताना "तिकडची खास कुत्र्याची गोळी" आणेल, हा बेत मात्र सहसा जमत नाही. तिथल्या पशुवैद्यकाने स्वतः तपासलेल्या जनावरासाठीच तिथे चिठ्ठी मिळते, आणि तुमची मादी कोथरूडला आहे.

दुसरी औषधं

काही डॉक्टर डायइथाइलस्टिलबेस्ट्रॉल हे जुनं कृत्रिम इस्ट्रोजेन वापरतात. सुरुवातीचे काही दिवस रोज आणि मग आठवड्यातून एकदा, असा त्याचा क्रम असतो, म्हणून गोळ्यांवरचा खर्च फारच कमी दिसतो. मात्र जास्त मात्रेत ते अस्थिमज्जेवर घाला घालतं, रक्तपेशी बनणं मंदावतं, म्हणून अधूनमधून रक्त तपासावं लागतं. तो खर्च मिळवला की स्वस्ताई बरीचशी ओसरते. घरात गरोदर स्त्री असेल तर मी हे औषध घरात आणणारच नाही. पूर्वी गरोदर बायकांना ते देत असत आणि त्यांच्या मुलींना पुढे योनीचा दुर्मीळ कर्करोग होत असल्याचं १९७१ साली उघड झालं.

फेनिलप्रोपॅनोलामाइन हे हार्मोन नव्हे, ते पकडीच्या स्नायूंना थेट आवळायला लावतं. परदेशांत या दुखण्यावर ते एस्ट्रिऑलइतकंच, किंबहुना जास्त वापरलं जातं, आणि गुण काही दिवसांतच दिसतो. त्याची मात्रा मात्र वजनावर ठरते: अमेरिकी पद्धतीने किलोमागे २ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. आठ किलोच्या मादीला दिवसाला ३२ मिलिग्रॅम लागतं, तीस किलोच्या मादीला १२०. मोठ्या कुत्र्याच्या घरी एस्ट्रिऑल स्वस्त का पडतं, ते यावरून ध्यानात येईल. माणसांत मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका दिसल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००० साली ते माणसांच्या औषधांतून काढायला सांगितलं. आपल्याकडे ते पूर्वी सर्दीच्या मिश्र गोळ्यांत असायचं. कपाटातली जुनी सर्दीची गोळी कुत्र्याला देण्याचा विचारही नको. त्यात पॅरासिटामॉल किंवा कॅफीन असण्याची शक्यता आहे. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या मादीला फेनिलप्रोपॅनोलामाइन जपूनच देतात, आणि गोचिडांसाठी अमिट्राझचं औषध लावत असाल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. या दोघांचं जमत नाही.

एकट्या औषधाने भागलं नाही तर एस्ट्रिऑल आणि फेनिलप्रोपॅनोलामाइन एकत्र देतात. खर्च अर्थातच वाढतो.

गोखरूचा काढा, चंद्रप्रभा वटी असे सल्लेही मिळतात. त्यांवर पैसे घालवायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, निदान डॉक्टरांपासून लपवू नका. एक सल्ला मात्र साफ धुडकावून लावा: रात्रीचं पाणी बंद करण्याचा. गळती त्याने थांबत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर तहानलेली मादी दोन दिवसांत सलाईनवर जाते आणि त्या बिलात वर्षाच्या गोळ्या आल्या असत्या.

गोळी चालू असताना

एस्ट्रिऑलवर काही माद्यांचा योनीभाग सुजतो, सड फुगतात, उलट्या होतात. नर मागे लागतात, सोसायटीतल्या फेरीची तऱ्हाच बदलते. मात्रा घटली की यातलं बरंचसं ओसरतं, म्हणजे इथेही कमी मात्रा खिशाला आणि मादीला दोघांनाही मानवते. ऑपरेशन न झालेल्या मादीला ही गोळी देत नाहीत. फिकट हिरड्या, अंगावर निळसर डाग किंवा एकाएकी आलेली मरगळ दिसली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गोळी देऊन झाली की हात धुवा. घरातल्या गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने ती देऊच नये, दुसऱ्या कुणावर सोपवावी. पोळीच्या तुकड्यात घालून दिलेली गोळी मादी थुंकते आणि रांगणारं मूल उचलतं, तेव्हा गिळेपर्यंत तिथेच उभे राहा.

गादीचा खर्च कुणी धरत नाही, पण तो रोजचा असतो. घरात बाळंतपणातली रबरी चादर असेल तर ती खाली घाला, वर जुन्या सुती साडीची दुपटी. चार दुपटी असली की धुण्याचं चक्र बसतं. डायपर रोज लागू लागला तर महिन्याचा खर्च सहज गोळ्यांच्या पुढे जातो आणि ओल्या कातडीला पुरळ येतं ते वेगळंच. प्रवासापुरता किंवा पाहुणे येणार असतील तेवढ्यापुरता तो ठीक. शेपटीखालचे केस कापून घ्या, कोमट पाण्याने पुसून कोरडं करा. फिनाइलने पुसलेल्या फरशीवर तिला लगेच झोपू देऊ नका. वजन जास्त असेल तर ते उतरवा. लठ्ठपणाने गळती वाढते आणि वाटीभर भात कमी करायला पैसे लागत नाहीत.

कमी पैशांत कुठे

परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, सातारा जिल्ह्यात शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय, नागपूर, परभणी आणि उदगीरची महाविद्यालयं, अकोल्याची पदव्युत्तर संस्था: या सगळ्यांच्या दवाखान्यांत फी खासगीपेक्षा बरीच कमी असते आणि शिकवणारे तज्ज्ञ तिथेच असतात. वेळ मात्र हाताशी ठेवा, सकाळी लवकर पोचा आणि आधीचे सगळे कागद बरोबर न्या. निदान तिथे करून घ्यायचं आणि पुढच्या सहामाही तपासण्या घराजवळच्या डॉक्टरांकडे, ही विभागणी खिशाला सगळ्यांत बरी. दत्तक घेतलेली, ऑपरेशन आधीच झालेली गावठी मादी असेल तर दत्तक देणाऱ्या संस्थेकडून ऑपरेशनची तारीख मागून घ्या. निदानाला तिचा उपयोग होतो.

विम्याची फार आशा धरू नका. पाळीव कुत्र्यांचा विमा मिळतो, पण आधीपासून असलेलं दुखणं त्यातून वगळलेलं असतं आणि कायमच्या गोळ्यांचा खर्च पुष्कळदा बसत नाही. पॉलिसी घेण्यापूर्वी या दोन ओळी तेवढ्या शोधून वाचा.

एस्ट्रिऑल लांब काळ चालू असेल तर दर सहा महिन्यांनी मादी तपासून घ्यावी लागते. जाताना पुन्हा तीन दिवसांचं पाणी मोजून आकडा बरोबर न्या. वर्षभर कोरडी असलेली मादी अचानक गळायला लागली तर लगेच मात्रा वाढवायला सांगू नका. आधी लघवी तपासा, बहुतेकदा मध्ये संसर्ग घुसलेला असतो आणि तो बरा झाला की जुनी अर्धी गोळी पुन्हा पुरते. पूर्ण मात्रेत महिना काढूनही गादी ओलीच राहत असेल, तर तिसरं औषध विकत घेण्याआधी ते पैसे सोनोग्राफीवर आणि तज्ज्ञांच्या एका भेटीवर घाला. मूत्रमार्गाभोवती भरण टोचणं किंवा शस्त्रक्रिया हे पर्याय आहेत, मोजक्याच ठिकाणी होतात आणि त्यांचा दर तिथूनच लेखी मागवावा लागतो: भूल, मुक्काम आणि नंतरच्या भेटी धरून.